प्रमाण संवादचौकटींचे मराठी भाषांतर: केडीईच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

केटसारख्या मजकूर-संपादकात काही लिहून ते न साठवताच खिडकी बंद करू लागलो की पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट, म्हणजे संवादचौकट, उभी राहते. दस्तऐवजात बदल झाले आहेत, ते साठवायचे की सोडून द्यायचे, असा तिचा प्रश्न असतो आणि खाली तीन बटणे असतात. लिहिणाऱ्याची दोन तासांची मेहनत त्या क्षणी त्या तीन बटणांवरच्या शब्दांवर अवलंबून असते. मेनूतला एखादा शब्द कळला नाही तर माणूस तो सोडून पुढे जाऊ शकतो. संवादचौकट मात्र उत्तर घेतल्याशिवाय बाजूला होत नाही. म्हणून भाषांतराच्या कामाला नव्याने लागणाऱ्याने या चौकटींपासून सुरुवात करावी आणि एकच कसोटी सतत समोर ठेवावी: ज्याने मूळ इंग्रजी मजकूर कधी पाहिलेला नाही, अशा माणसाला मराठी चौकट वाचून योग्य ते बटण निःशंकपणे दाबता आले पाहिजे.

या लेखात उदाहरणासाठी केडीई हा मुक्त डेस्कटॉप प्रकल्प घेतला आहे. तो १९९६ साली सुरू झाला आणि त्याच्या ग्रंथालयांची (अनेक अनुप्रयोग मिळून वापरतात त्या तयार आज्ञावली-संचांची) व डेस्कटॉपची सहावी पिढी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी एकत्र प्रसिद्ध झाली. येथे सांगितलेली बहुतेक पथ्ये ग्नोम हा दुसरा मुक्त डेस्कटॉप किंवा लिब्रेऑफिस हा कार्यालयीन अनुप्रयोग-संच यांच्या कामातही उपयोगी पडतात. चिन्हे थोडी बदलतात, एवढेच.

पहिली पायरी: मजकूर नेमका कोठून येतो ते शोधणे

नवागताचा पहिला गोंधळ असा होतो की केटमध्ये दिसलेले ‘सेव्ह’ किंवा ‘कॅन्सल’ हे शब्द केटच्या भाषांतर-फाइलमध्ये सापडतच नाहीत. याचे कारण असे की ही प्रमाण बटणे केटची नसून केडीईच्या सामाईक ग्रंथालयांची असतात. साठवा, रद्द करा, लागू करा, बंद करा, मदत यांसारख्या बटणांचा मजकूर ‘केविजेट्सॲडऑन्स’ या ग्रंथालयात आहे; बदल साठवायचे का, हा प्रश्न ‘केपार्ट्स’मध्ये आहे; आणि फाइल पुसण्याची किंवा जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवण्याची विचारणा ‘केआयओ’मध्ये आहे. प्रत्येक ग्रंथालयाची पीओ प्रकारची स्वतंत्र फाइल असते. या फाइलींमधील एक ओळ शेकडो अनुप्रयोगांत दिसते. तेथे केलेली सुधारणा सगळीकडे पोहोचते, आणि तेथे झालेली चूकही सगळीकडे पोहोचते.

पीओ ही १९९५ पासून प्रचलित असलेल्या ग्नू गेटटेक्स्ट या साधनसंचाची मांडणी आहे. तिच्यात प्रत्येक नोंदीत मूळ वाक्य, त्याखाली भाषांतराची रिकामी जागा आणि वर संदर्भाच्या टिपा असतात. ती साध्या संपादकात उघडता येते, परंतु केडीईचेच ‘लोकलाइझ’ किंवा स्वतंत्र ‘पोएडिट’ वापरणे अधिक सुरक्षित आहे, कारण ही साधने फाइलची रचना बिघडू देत नाहीत आणि पूर्वीची भाषांतरे शोधून समोर ठेवतात.

काम सुरू करण्यापूर्वी मराठी भाषांतर-गटाच्या समन्वयकाला कळवून आपण कोणती फाइल हाती घेत आहोत ते सांगावे. एकाच फाइलवर दोघांनी स्वतंत्रपणे काम केले तर एकाची मेहनत वाया जाते, आणि नव्या माणसाचा उत्साह मावळायला तेवढे पुरते.

दुसरी पायरी: शब्दांची यादी आधी, वाक्ये नंतर

संवादचौकटींमध्ये येणारी क्रियापदे मोजकीच, साधारण तीस-चाळीस असतात. ती आधी कागदावर लिहून प्रत्येकासाठी एक आणि एकच मराठी शब्द ठरवावा. ‘सेव्ह’साठी मराठीत साठवा, जतन करा आणि संचयित करा असे तीनही शब्द वापरात आहेत. माझा कल ‘साठवा’कडे आहे, कारण तो एकाच शब्दात काम करतो आणि धान्य साठवण्यापासून पाणी साठवण्यापर्यंत घराघरांत वापरला जातो. मात्र गटाने आधीच दुसरा शब्द ठरवला असेल तर तोच वापरावा. एका चौकटीत ‘साठवा’ आणि दुसरीत ‘जतन करा’ दिसले, तर वापरणाऱ्याला या दोन वेगळ्या क्रिया वाटू शकतात.

खरी काळजी जवळच्या अर्थांच्या जोड्यांमध्ये घ्यावी लागते. ‘डिलीट’ म्हणजे वस्तू कायमची नाहीशी होणे, तर ‘रिमूव्ह’ म्हणजे बहुधा ती यादीतून निघणे. मूळ फाइल तेथेच राहते. दोन्हींसाठी ‘हटवा’ लिहिण्याची पद्धत बरीच पसरली आहे. परंतु मराठीत हटवणे म्हणजे एखाद्याला जागेवरून बाजूला सारणे. त्यात नष्ट होण्याचा अर्थ नाही. हिंदीतील वापर पाहून तो शब्द आपल्याकडे आला असावा असे मला वाटते. मी पहिल्यासाठी ‘पुसून टाका’ आणि दुसऱ्यासाठी ‘यादीतून काढा’ असे लिहितो. ‘क्लोज’ आणि ‘क्विट’ यांचेही तसेच आहे: पहिल्याने एक खिडकी किंवा दस्तऐवज बंद होतो, दुसऱ्याने संपूर्ण अनुप्रयोग. म्हणून ‘बंद करा’ आणि ‘बाहेर पडा’ हे दोन शब्द वेगळे ठेवावेत.

‘डिस्कार्ड’ या बटणाबाबत मी स्वतः सुरुवातीला चूक केली होती. त्यासाठी ‘काढून टाका’ असे लिहिले आणि शब्द सोपा आहे म्हणून समाधान मानले. ओळखीच्या एका शिक्षिकेला ती चौकट दाखवली तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘हे दाबलं तर माझी फाइलच जाईल का?’’ शंका रास्त होती. तेथे जातात ते शेवटचे बदल, फाइल नव्हे. त्या दिवसापासून मी ‘बदल सोडून द्या’ असे लिहितो. काय जाणार आहे हे बटणावरच लिहिलेले असावे; तेवढ्यासाठी शब्द एखाद-दुसरा वाढला तरी चालेल.

बटणाचा अर्थ नीट कळत नसेल तर त्याच फाइलमध्ये असलेले स्पष्टीकरण वाचावे. ‘अप्लाय’च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की हे दाबल्यावर निवडलेल्या गोष्टी अनुप्रयोगाकडे दिल्या जातील, परंतु चौकट बंद होणार नाही. ‘ठीक आहे’ आणि ‘लागू करा’ यांतला फरक त्या एका वाक्यात आहे.

तिसरी पायरी: प्रश्न आणि बटणे एकत्र वाचणे

पीओ फाइलमध्ये प्रश्न एका ठिकाणी आणि बटणे दुसऱ्या ठिकाणी असतात. अनेकदा त्यांच्या फाइलीही वेगळ्या असतात. वाचणाऱ्याला मात्र ती एकत्र दिसतात. म्हणून प्रत्येक प्रश्नाचे भाषांतर करताना त्याखाली कोणती बटणे येणार आहेत हे मूळ अनुप्रयोग उघडून पाहावे आणि प्रश्नातले क्रियापद बटणावरच्या क्रियापदाशी जुळवावे. प्रश्नात ‘बदल साठवायचे की सोडून द्यायचे?’ असेल तर बटणांवर ‘साठवा’ आणि ‘बदल सोडून द्या’ हेच शब्द दिसले पाहिजेत.

मराठीत ‘साठवायचे का?’, ‘पुसायची का?’ ही रचना अशा प्रश्नांसाठी फार चांगली आहे. ‘तुम्ही हे बदल साठवू इच्छिता का?’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर असले तरी ते इंग्रजीच्या सावलीत उभे आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला ‘पिशवी द्यायची का?’ असे विचारतो, ‘तुम्ही पिशवी घेऊ इच्छिता का?’ असे विचारत नाही. वापरणाऱ्याचा थेट उल्लेख करावाच लागला तर ‘तुम्ही’ वापरावे. ‘आपण’ आदरार्थी आहे, पण त्याचा ‘आपण सगळे’ असाही अर्थ होतो आणि सूचनेत तो संदिग्ध ठरतो. आज्ञार्थातील ‘साठवा’, ‘निवडा’ या रूपांतच आदर असल्याने प्रत्येक इंग्रजी ‘प्लीज’साठी ‘कृपया’ लिहिण्याची गरज नसते.

दोन ठिकाणी विशेष सावध राहावे. पहिले ठिकाण म्हणजे ‘कॅन्सल’. प्रत करण्याचे काम चालू असताना ते थांबवण्याची विचारणा येते. तेथे ‘प्रत करणे रद्द करायचे का?’ असे लिहिले आणि खाली ‘रद्द करा’ हे प्रमाण बटण आले, तर ते दाबून काम रद्द होणार की विचारणा रद्द होणार, हे कोणालाच सांगता येणार नाही. बटण सामाईक असल्यामुळे ते बदलता येत नाही. म्हणून प्रश्नच बदलावा आणि ‘प्रत करणे थांबवायचे का?’ असे लिहावे. दुसरे ठिकाण म्हणजे नकारार्थी प्रश्न. ‘हे बदल ठेवायचे नाहीत का?’ याखाली ‘होय’ आणि ‘नाही’ अशी बटणे आली तर मराठी माणूस ‘होय, ठेवायचे नाहीत’ असेही म्हणतो आणि ‘होय, ठेवायचे’ असेही. असा प्रश्न होकारार्थी करून घ्यावा आणि होय-नाहीचा अर्थ उलटा होत नाही ना हे पुन्हा तपासावे.

खिडकीच्या वरच्या पट्टीवरील शीर्षक आणि बटण यांचा इंग्रजी मजकूर पुष्कळदा सारखाच असतो. मराठीत शीर्षकासाठी ‘दस्तऐवज बंद करणे’ असे नामरूप आणि बटणासाठी ‘बंद करा’ असे आज्ञार्थी रूप ठेवले तर वाचताना दोहोंचे काम वेगळे कळते. कोणती ओळ कशासाठी आहे हे ओळखायला केडीईमध्ये @ या चिन्हाने सुरू होणारी संदर्भ-खूण दिलेली असते: ती बटण, खिडकीचे शीर्षक, माहिती की लेबल हे सांगते. ही खूण न वाचता केलेले भाषांतर निम्मे अंदाजावर चालते.

चौथी पायरी: जागाधारक, विभक्ती आणि लिंग

मूळ वाक्यात %1, %2 अशा खुणा, म्हणजे जागाधारक, दिसतात. अनुप्रयोग चालू असताना त्या जागी फाइलचे नाव, फोल्डरचे नाव किंवा संख्या येऊन बसते. या खुणा जशाच्या तशा ठेवाव्यात. टक्क्याच्या चिन्हापुढचा अंक देवनागरीत लिहिला तर संगणकाला ती खूण ओळखता येत नाही आणि पडद्यावर नावाऐवजी ते चिन्हच दिसते. त्यांचा क्रम मात्र बदलता येतो. इंग्रजीत क्रियापद आधी येते आणि मराठीत शेवटी. त्यामुळे ‘%2 या फोल्डरमध्ये %1 ही फाइल ठेवता आली नाही’ अशी उलटी मांडणी पूर्णपणे चालते.

मराठीची खरी अडचण पुढे येते. आपल्याकडे विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात आणि त्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते: ‘कागदपत्रे’चे ‘कागदपत्रांमध्ये’ होते. जागाधारकात येणाऱ्या नावाचे सामान्यरूप आपल्याला करता येत नाही. ‘%1मध्ये’ असे जोडून लिहिले तर नाव कोठे संपले आणि प्रत्यय कोठे सुरू झाला हे कळत नाही. ‘%1 मध्ये’ असे तोडून लिहिले तर ते मराठी लेखनाच्या रीतीविरुद्ध जाते. यावरचा उपाय सोपा आहे: नाव अवतरणचिन्हांत ठेवावे, त्यापुढे त्या वस्तूची जात सांगणारे नाम घ्यावे आणि प्रत्यय त्या नामाला लावावा. ‘‘%1’ या फोल्डरमध्ये’, ‘‘%1’ या दस्तऐवजात’ अशी वाक्ये कोणतेही नाव आले तरी बरोबर राहतात.

लिंगाचा प्रश्नही याच युक्तीने सुटतो. ‘%1 पुसायचे का?’ असे लिहिल्यास फाइल आली की वाक्य अडखळते. ‘‘%1’ ही फाइल पुसायची का?’ असे लिहिले की क्रियापदाला निश्चित आधार मिळतो. जेथे वस्तूची जात माहीतच नसते, तेथे नपुंसकलिंग घ्यावे. ‘ओव्हरराइट’चे प्रमाण बटण अनेक ठिकाणी येते, त्यासाठी ‘अधिलिखित करा’ हा शब्द काही ठिकाणी वापरतात, पण तो वाचून जुने काही जाणार आहे हे सामान्य माणसाला कळत नाही. मी ‘जुने पुसून साठवा’ असे सुचवीन. त्यात धोका सांगितला जातो आणि लिंगाची अडचणही येत नाही.

पाचवी पायरी: एकवचन आणि अनेकवचन

मराठीच्या पीओ फाइलमध्ये संख्येसाठी दोन रूपे असतात: संख्या एक असेल तर पहिले आणि अन्य कोणतीही असेल तर दुसरे. शून्यालाही दुसरेच रूप लागते. फाइलच्या शिरोभागात हा नियम लिहिलेला असतो. दुसऱ्या भाषेची फाइल नमुना म्हणून घेतली असेल तर तो एकदा तपासावा.

अनेकवचन म्हणजे केवळ नामाचे रूप, असे समजून चालणार नाही. ‘घटक’ हा शब्द दोन्ही वचनांत सारखाच राहतो, पण ‘हा घटक कायमचा पुसायचा का?’ आणि ‘हे %1 घटक कायमचे पुसायचे का?’ या वाक्यांत दर्शक सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद हे तिन्ही बदलले आहेत. ‘फाइल’चे अनेकवचन ‘फाइली’ करावे. ‘फाइल्स’ लिहिले तरी क्रियापद मराठीच लागते, मग नामाला तरी इंग्रजी प्रत्यय का ठेवावा? पहिल्या रूपात आकड्याची खूण गाळून ‘हा घटक’ असे लिहिता येते, कारण मराठीत ते रूप फक्त एकासाठीच वापरले जाते.

सहावी पायरी: चिन्हे, कळअक्षरे आणि लेखन

मूळ मजकुरात एखाद्या अक्षराआधी & हे चिन्ह असते. त्या अक्षराखाली रेघ दिसते आणि ऑल्ट कळीबरोबर ते दाबले की बटण चालते. ग्नोममध्ये हेच काम अधोरेषा करते आणि लिब्रेऑफिसमध्ये ~ हे चिन्ह. मराठीत दोन मार्ग आहेत. पहिला, मराठी मजकुरानंतर कंसात & आणि मूळ इंग्रजी अक्षर ठेवणे, म्हणजे इंग्रजी कळफलक चालू असतानाही कळ काम देते. दुसरा, & थेट देवनागरी अक्षराआधी लावणे; तो मराठी कळफलक चालू असतानाच उपयोगी पडतो. बहुतेक वापरणारे दोन्ही कळफलक आलटून-पालटून वापरतात, म्हणून पहिला मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो. दुसरा निवडला तर & हे चिन्ह व्यंजन आणि त्याचा काना-मात्रा यांच्यामध्ये किंवा जोडाक्षराच्या मध्ये कधीही घालू नये; अक्षर तुटते आणि मोकळी मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. एकाच चौकटीतील दोन बटणांना एकच अक्षर देऊ नये.

बटणाच्या शेवटी तीन टिंबे असतील तर ती ठेवावीत. पुढे आणखी एक चौकट उघडणार आहे हे त्यांतून कळते. ‘सेव्ह ॲज’साठी ‘असे साठवा…’ हे शब्दशः रूप अनेक वर्षे चालत आले आहे, पण ‘नव्या नावाने साठवा…’ म्हटले की काय घडणार ते लगेच समजते. कोनी कंसांतील खुणा ठळक अक्षरे किंवा फाइलचे नाव दाखवण्यासाठी असतात. त्यांच्या आतील इंग्रजी शब्द भाषांतरित करू नयेत आणि उघडलेली प्रत्येक खूण बंद झाली आहे हे पाहावे.

लेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे नियम पाळावेत; १९६२ सालचे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार असे ते अठरा आहेत. ‘मूलभूत’ हा शब्द संगणकाच्या मजकुरात ‘मुलभूत’ असा चुकीचा लिहिलेला वारंवार आढळतो. याखेरीज एक अडचण डोळ्यांना दिसत नाही: ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो, एक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून आणि एक साध्या ‘र’पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक सापडते आणि दुसरे राहून जाते. ‘ॲ’चेही तसेच आहे. गटात एक पद्धत ठरवून तीच पाळावी.

सातवी पायरी: तपासणी आणि प्रत्यक्ष पडदा

केडीईमध्ये मूळ मजकूर बदलला की ‘स्क्रिप्टी’ नावाची स्वयंचलित व्यवस्था नव्या नोंदी भाषांतर-फाइलींत मिसळते. तेव्हा थोड्याशा बदललेल्या वाक्यासमोर जुने किंवा मिळतेजुळते भाषांतर ठेवले जाते आणि त्यावर ‘फझी’ (म्हणजे अनिश्चित) असा शिक्का मारला जातो. असे भाषांतर तपासल्याशिवाय वापरणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून शिक्का घाईने काढू नये. ‘साठवा’ आणि ‘साठवू नका’ यांच्या मूळ मजकुरांत फार थोड्या अक्षरांचा फरक असतो, आणि संगणकाला ती वाक्ये जवळची वाटतात. प्रत्येक फझी नोंद मूळ वाक्याशी शब्दशः ताडून पाहावी.

त्यानंतर गेटटेक्स्टचा ‘एमएसजीएफएमटी’ हा आदेश तपासणीच्या पर्यायासह चालवावा. गहाळ अवतरणचिन्ह, मूळच्या सुरुवातीला किंवा शेवटी असलेला पण भाषांतरात राहून गेलेला ओळतोड अशा चुका तो ओळक्रमांकासह दाखवतो. अर्थाची चूक मात्र त्याला दिसत नाही. ती पाहण्यासाठी अनुप्रयोग मराठीत उघडावा: केडीईच्या बहुतेक अनुप्रयोगांत मेनूतून फक्त त्या अनुप्रयोगाची भाषा बदलता येते. मग मुद्दाम त्या चौकटी उभ्या कराव्यात. न साठवता खिडकी बंद करावी, एकाच नावाची फाइल दोनदा साठवावी, एक आणि मग तीन फाइली पुसायला घ्याव्यात. हे सारे निरुपयोगी फाइलींवर करावे.

पडद्यावर पाहताना बटणावरचा मजकूर कापला जात नाही ना, ऱ्हस्व-दीर्घ उकार आणि वरच्या मात्रा पूर्ण दिसतात ना, हे पाहावे. देवनागरीला रोमन लिपीपेक्षा वर-खाली अधिक जागा लागते. नंतर चौकट मोठ्याने वाचावी आणि शक्य असेल तर इंग्रजीतून संगणक न वापरलेल्या एखाद्या व्यक्तीला दाखवून ‘यातलं कोणतं बटण दाबाल आणि मग काय होईल?’ एवढेच विचारावे. उत्तर चुकले तर समजावून सांगू नये, वाक्य बदलावे. फाइल समन्वयकाकडे पाठवताना कोणते शब्द जाणीवपूर्वक निवडले आणि कोणत्या नोंदींबद्दल शंका आहे, याची चार ओळींची टीप सोबत जोडावी. तपासणाऱ्याला पाचशे नोंदींत नेमके कोठे थांबायचे ते त्यामुळे कळते.